आपला किचन टॉवेल ओला झाला की चपटा का होतो?

हिंगणेकर | १२ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय. प्रश्न कामाचा आहे आणि इथे कागदाच्या लायनीतलं कुणीतरी असेल अशी आशा आहे.

माझी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत छोटी शेड आहे. कागद आम्ही बनवत नाही, मिलकडून टिश्यूचे जंबो रोल येतात, ते एम्बॉस करून (रोलरने नक्षी दाबून), दोन प्लाय म्हणजे थर जोडून, कापून त्याचे नॅपकिन आणि किचन रोल करतो आणि सीताबर्डी, इतवारी, सदरच्या होलसेलवाल्यांना देतो. आठ वर्षं झाली. गेल्या महिन्यात एका केटररने माझा रोल आणि त्याच्या भावाने अमेरिकेतून आणलेला रोल शेजारी शेजारी ठेवला आणि म्हणाला, भाऊ हात लावून पहा. सुक्यात फरक होता पण फार नाही, जाडी तर जवळपास सारखीच वाटली. मग त्याने दोन्हीवर वाटीभर पाणी ओतलं. माझा तिथल्या तिथे बसला, एम्बॉसिंगची नक्षी गायब, उचलायला गेलो तर लगदा हातात. त्याचा मात्र ओला होऊनही फुगलेलाच, त्याने पिळला, झटकला, ओटा पुसला, परत पिळला.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही तुकडे काट्यावर घातले तर वजन जवळजवळ सारखं निघालं, म्हणजे जास्त कागद घातला म्हणून तो फुगीर आहे असं नाही. मी एम्बॉसिंगचं प्रेशर वाढवून पाहिलं, तर नक्षी खोल आली पण कागद परफोरेशन (फाडायची छिद्रांची ओळ) सोडून भलतीकडेच फाटायला लागला, आणि ओला केल्यावर परत चपटाच.

मग तो फुगीरपणा नेमका येतो कुठून? आणि माझ्यासारख्याला कन्व्हर्टिंगमध्ये, म्हणजे रोलचा माल करताना, त्यातलं काय हातात आहे?

तर्रीप्रेमी | १२ मे, रात्री ११:०५

वाचून राहिलो भौ. आमच्या पोह्याच्या ठेल्यावर जे नॅपकिन येते ते तर तर्री पुसतच नाही, नुसतं पसरवते. एका माणसाला चार-पाच लागतात. मलेही उत्तर पाहिजे.

वायरसाईड | १३ मे, सकाळी ७:२०

हिंगणेकर भाऊ, मी बावीस वर्षं टिश्यू मशीनवर काढली, आता मानेवाड्याला घरी असतो, तेव्हा वेळ आहे, सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या शेडमध्ये रोल उतरतो त्याच्या आधीच फुगीरपणा गेलेला असतो. तो जातो प्रेसमध्ये, म्हणजे ओली शीट दाबून पाणी पिळतात तिथे. हेडबॉक्समधून (लगदा सोडणारी पेटी) वायरवर (फिरती जाळी) जो माल पडतो त्यात हजार लिटर पाण्यामागे फायबर असतं दोन-तीन किलो, बाकी सगळं पाणी. टिश्यू बनवणं म्हणजे मुळात ते पाणी काढणं. थोडं वायरमधून गळतं, थोडं व्हॅक्यूम ओढतो, मग साध्या मशीनवर ती ओली शीट फेल्टवर, म्हणजे पाणी शोषणाऱ्या जाड कापडी पट्ट्यावर, बसून यँकीपाशी येते. यँकी म्हणजे आतून वाफेने तापवलेला बारा ते अठरा फूट व्यासाचा सिलिंडर, वर गरम हवेचं हूड. प्रेशर रोल शीटला यँकीच्या अंगावर दाबतो, पाणी पिळून फेल्टमध्ये जातं आणि शीट साधारण ४० टक्के कोरडी होते. इतक्या स्वस्तात पाणी काढायचा दुसरा मार्ग नाही म्हणून जगात बहुतेक टिश्यू असाच बनतो. पण त्या क्षणी तंतू ओले, मऊ, कसेही वाकतील असे असतात, त्यांना तुम्ही एकमेकांवर दाबून बसवलं आणि लगेच तापलेल्या धातूवर वाळवलं. दाबलेल्या अवस्थेतच ते एकमेकांना धरून बसले. पाच मीटरचा यँकी मिनिटाला दीड हजार मीटरने फिरत असेल तर एका फेऱ्याला पाऊण सेकंदही लागत नाही, तेवढ्यात कागदाचा स्वभाव पक्का होऊन जातो.

त्यानंतर थोडी मऊपणाची भरपाई होते ती डॉक्टर ब्लेडवर. यँकीवर चिकट कोटिंग स्प्रे केलेलं असतं, शीट चिकटून येते, ब्लेडवर आपटते आणि तिला बारीक बारीक चुण्या पडून ती सुटते, तोच क्रेप. यँकी १००० मीटरने आणि पुढची रील ८२० ने चालत असेल तर १८ टक्के क्रेप. चुण्या बारीक आणि दाट पडल्या तर हाताला मऊ लागतं. ब्लेड झिजली की त्याच चुण्या जाड होतात आणि कागद खरबरीत लागतो. एकाच मिलचा, एकाच ग्रेडचा रोल कधी मऊ कधी कडक येतो ना तुमच्याकडे, बऱ्याचदा कारण एवढंच असतं की ब्लेड बदलायला उशीर झाला. आम्ही शिफ्टमध्ये पहिलं काम ते बघायचो, हाताचा मागचा भाग शीटवरून फिरवून. तळव्याला कळत नाही, मागच्या बाजूला कळतं.

पण क्रेप झाला तरी तो दाबलेल्या कागदाचा क्रेप. पाणी लागलं की चुण्या उलगडतात.

सांबारवडी | १३ मे, सकाळी ९:४८

काका, मला हे कुरडईसारखं वाटतंय, चूक असेल तर सांगा. कुरडईचा चीक ओला असतानाच सोऱ्यातून पाडतो आणि उन्हात आहे त्या आकारात वाळू देतो, म्हणून ती जाळीदार राहते. तोच चीक लाटून वाळवला आणि नंतर त्यावर काट्याने ठसे मारले तर कुरडई होणार नाही. हिंगणेकर भाऊ मशीनवर जे एम्बॉसिंग करतात ते वाळलेल्यावर ठसे मारणं झालं का?

मी घरून सांबारवडी आणि फराळाच्या ऑर्डरी घेते, तळणाखाली रोजचा एक रोल जातो, म्हणून मला यात रस आहे.

वायरसाईड | १३ मे, सकाळी १०:३०

ताई, अगदी हेच. मला बावीस वर्षांत इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

ओला असतानाच आकार द्यायचा आणि त्याच आकारात वाळवायचा, या पद्धतीला थ्रू एअर ड्रायिंग म्हणतात, मशीनवाले टीएडी म्हणतात. त्यात शीट दाबतच नाहीत. ओली शीट एका जाड विणीच्या, खड्डे-उंचवटे असलेल्या फॅब्रिकवर घेतात, खालून व्हॅक्यूम तिला त्या खड्ड्यांमध्ये ओढतो, मग ते फॅब्रिक जाळीदार मोठ्या सिलिंडरवरून जातं आणि गरम हवा कागदाच्या आरपार जाते. कागद त्या खड्ड्यांच्या आकारातच वाळतो. पुढे यँकीवर घेतलाच तरी फॅब्रिकच्या गाठी जिथे जिथे आहेत तेवढ्याच ठिकाणी दाब पडतो, मधल्या उशा तशाच राहतात. दाबलेल्या ठिपक्यांमुळे ताकद, न दाबलेल्या उशांमुळे फुगीरपणा आणि पाणी धरायला जागा. हे डोकं ज्याने लावलं त्याला माझा मनापासून नमस्कार आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. प्रॉक्टर अँड गॅम्बल ही साबणवाली कंपनी, तिने १९५७ मध्ये चार्मिन पेपर कंपनी विकत घेतली आणि मग कागदावर संशोधन सुरू केलं. १९६५ मध्ये त्यांचा बाउंटी टॉवेल आला. सॅनफोर्ड आणि सिसन या त्यांच्या दोन माणसांचं पेटंट ३१ जानेवारी १९६७ चं आहे, न दाबता, नक्षीच्या फॅब्रिकवर गरम हवेने आधी वाळवून बनवलेल्या फुगीर कागदाचं. आमच्या वेळी कुठल्याही ट्रेनिंगला गेलं की त्याचं नाव निघायचंच. पुढे किंबर्ली-क्लार्क या दुसऱ्या टिश्यू कंपनीने यँकी आणि ब्लेड दोन्ही काढून टाकले, तो अनक्रेप्ड टीएडी. चुण्या नाहीत तर ताण सोसायला लवचिकपणा कुठून येणार? त्यासाठी ओली शीट वेगाने चाललेल्या फॅब्रिकवरून हळू चाललेल्या फॅब्रिकवर उतरवतात, मागची शीट पुढचीवर गोळा होत जाते आणि आखडते. तुम्हाला दाखवलेला रोल यातल्याच कुठल्यातरी पद्धतीचा असणार, ओला होऊन फुगलेला राहिला यावरून सांगतो.

एलआयटीकर | १३ मे, दुपारी १:१५

छान चाललंय. एलआयटीतून (नागपूरचं लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट) केमिकल इंजिनीअरिंग केलंय, म्हणून ताईंच्या कुरडईला एक पुरवणी जोडते. कुरडई पाण्यात भिजवली तर मऊ होऊन जाते, मग टॉवेल का होत नाही? त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कागदात तंतू एकमेकांना धरून असतात ते हायड्रोजन बॉन्डने. पाणी निघून जाताना तंतू जवळ येतात आणि सेल्युलोज एकमेकांशी जोडलं जातं. पाणी परत आलं की तेच बॉन्ड सुटतात, म्हणून साधा टिश्यू ओला झाला की विरघळल्यासारखा होतो. सुक्या एम्बॉसिंगने तुम्ही कागदाला जबरदस्तीने वाकवता, त्यात काही बॉन्ड तुटतातही, म्हणूनच प्रेशर वाढवल्यावर तुमचा कागद फाटायला लागला. पाणी लागताच तंतू मोकळे होतात आणि ज्या आकारात पहिल्यांदा वाळले होते त्या आकारात परत जातात. तुमचा कागद पहिल्यांदा सपाट वाळलेला, म्हणून सपाट होतो. त्यांचा उशांच्या आकारात वाळलेला, तो उशांकडे जातो.

पण आकार आठवायला तंतू जागेवर तर राहिले पाहिजेत. त्यासाठी वेट स्ट्रेंथ रेझिन घालतात, टॉवेलमध्ये बहुतेक पीएई नावाचं. ते लगद्यातच मिसळतात, उष्णतेने ते स्वतःशी आणि तंतूंशी पक्कं जोडलं जातं आणि पाण्याने ते जोड सुटत नाहीत. मिलमधून रोल निघाल्यावरही हे क्युअरिंग काही दिवस चालू राहतं, गोडाऊन गरम असेल तर लवकर होतं, म्हणजे नागपुरी मे महिना इथे उपयोगाचा आहे. टॉयलेट पेपरमध्ये हे पक्कं रेझिन घालत नाहीत, तो पाण्यात सुटायलाच हवा. म्हणून कृपा करून किचन टॉवेल संडासात टाकू नका, तो पाइपमध्ये तसाच्या तसा राहतो आणि चोकअप होतो.

आणि मऊपणा हा फुगीरपणापेक्षा थोडा वेगळा विषय आहे. त्यात लाकूड महत्त्वाचं. पाइनसारख्या सॉफ्टवुडचे तंतू साधारण तीन मिलिमीटर लांब, ते ताकद देतात. निलगिरीचे एक मिलिमीटरच्याही आत, पण एका ग्रॅममध्ये कोटीच्या वर तंतू बसतात, त्यांची टोकं पृष्ठभागावर लव असल्यासारखी उभी राहतात आणि हाताला मखमली लागतं. चांगल्या मशीनवर हेडबॉक्सच थरांचा असतो, बाहेर निलगिरी, मधे सॉफ्टवुड. रिफायनरमध्ये लगदा जास्त कुटला तर कागद मजबूत होतो पण कडक आणि पातळ होतो. रिसायकल फायबर एकदा वाळून आखडलेलं असतं, ते पहिल्यासारखं फुगत नाही, त्यात बारीक चुरा जास्त, म्हणून तो कागद कमी मऊ.

काटोल_नाका | १३ मे, दुपारी ३:०२

एक शंका. न दाबता सगळं पाणी हवेने वाळवायचं म्हणजे गॅस किती जळत असेल? ओटा पुसायला एवढी ऊर्जा घालवणं मला पटत नाही. आपल्या आया-आज्यांनी जुन्या धोतराचं फडकं वापरलं, ते धुऊन परत वापरता येतं.

वायरसाईड | १३ मे, सायंकाळी ५:४०

शंका रास्त आहे, हिशोबच करून दाखवतो. प्रेसमधून शीट ४० टक्के कोरडी निघाली म्हणजे एक किलो फायबरमागे दीड किलो पाणी उडवायचं राहिलं. टीएडीत व्हॅक्यूमने फार तर २५ टक्क्यांपर्यंत आणता येतं, म्हणजे एक किलोमागे तीन किलो पाणी. सरळ दुप्पट, आणि वर हवा ढकलणाऱ्या पंख्यांची वीज वेगळी. मशीनही महाग. म्हणून आपल्याकडच्या मिल त्या वाटेला फारशा जात नाहीत, आणि मला त्यात त्यांची चूक दिसत नाही.

दुसऱ्या बाजूने बघा, टीएडीचा एक तुकडा जिथे पुरतो तिथे साधे तीन लागत असतील तर हिशोब बदलतो, लाकूडही कमी लागतं. मधला मार्गही निघालाय. मशीन बनवणाऱ्या वाल्मेट कंपनीचं एनटीटी आहे, त्यात फेल्टऐवजी नक्षीचा बेल्ट लावून दाबतात, म्हणजे दाब आहे पण खड्ड्यांमध्ये फायबर वाचतं. तशाच फॉइथ कंपनीचं ॲटमॉस आहे, त्यात नक्षीच्या फॅब्रिकवर हलक्या दाबाने आणि हवेने पाणी काढतात. या कागदाला स्ट्रक्चर्ड किंवा टेक्श्चर्ड टिश्यू म्हणतात. टीएडीइतका फुगीर नाही, साध्यापेक्षा खूपच बरा. फडक्याबद्दल म्हणाल तर माझ्या घरीही ओट्यावर फडकंच आहे, पण केटररला आणि दवाखान्याला ते चालत नाही.

हिंगणेकर | १३ मे, रात्री ११:१०

आज दिवसभर कामात असूनही दर तासाला धागा बघत होतो. आठ वर्षं मी एम्बॉसिंग रोलरच्या डिझाइनवर पैसे घालवत होतो आणि खरी गोष्ट त्याच्या आधीच घडून गेलेली असते, हे कुणी सांगितलंच नाही. तीन वर्षांपूर्वी एका मिलने "टॉवेल ग्रेड" म्हणून जो लॉट दिला त्यात वेट स्ट्रेंथ जवळपास नव्हतीच हे आता कळतंय, त्या वेळी माझे दोन गिऱ्हाईक कायमचे तुटले आणि मी दोष माझ्याच मशीनला देत बसलो.

काका, आता मी काय करू तेवढं सांगा. मशीन तर मी घेऊ शकत नाही.

वायरसाईड | १४ मे, सकाळी ७:०५

जे आहे ते वाचवा, हे पहिलं. जंबो रोल आडवे एकावर एक ठेवत असाल तर ते बंद करा, उभे ठेवा. आडव्या रोलचा खालचा भाग स्वतःच्या वजनाने दबतो आणि रोल अंडाकृती होतो, मग मशीनवर धक्के खातो. अनवाइंडचं टेन्शन (रोल उलगडताना शीटवर येणारा ताण) शीट न लोंबता जेवढं कमी चालेल तेवढं करा. क्रेप म्हणजे स्प्रिंग आहे, ताणून चालवली की चुण्या उलगडतात आणि तुम्ही पैसे देऊन घेतलेला मऊपणा मशीनवरच संपतो. किचन रोल घट्ट गुंडाळला तर आतले थर चपटे होतात. हो, त्याच व्यासात कमी मीटर बसतील, ते पाकिटावर खरं लिहा.

एम्बॉसिंग फेकून द्यायचं नाही, त्याचं वेगळं काम आहे. दोन प्लाय एकमेकांपासून दूर धरायचे, मधे पोकळी ठेवायची, पाणी तिथे साठतं. एका प्लायचे उंचवटे दुसऱ्याच्या खळग्यात बसवले तर रोल मऊ लागतो, उंचवट्यावर उंचवटा चिकटवला तर जास्त जाड पण जरा टोचरा. नक्षीच्या रोलरसमोरचा रबर रोल कडक झाला असेल तर तो बदला, प्रेशर वाढवू नका.

खरेदी करताना फक्त जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम) विचारणं सोडा. क्रेप किती टक्के, दहा शीटची जाडी किती, फायबरमध्ये निलगिरी किती आणि सॉफ्टवुड किती, ओली ताकद सुक्याच्या किती टक्के, एवढे चार प्रश्न विचारा. टॉवेलला ओली ताकद सुक्याच्या चौथाईच्या आसपास तरी हवी. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर नमुना मागवून स्वतः तपासा. तुकड्याचं वजन करा, पाण्यात बुडवा, एका कोपऱ्याने धरून मिनिटभर निथळू द्या, परत वजन. किती पट पाणी धरलं ते वहीत लिहा. मग तोच ओला तुकडा बोटांवर ताणून त्यावर नाणी ठेवत जा. ही परीक्षा लॅबची नाही, पण दोन रोलमधला फरक पक्का कळतो.

एलआयटीकर | १४ मे, सकाळी ११:३०

काकांना अनुमोदन. एक नागपूरपुरतं जोडते. मेमध्ये इथली हवा इतकी कोरडी असते की कागदातला ओलावा उडतो, आणि सेल्युलोजला लवचिक ठेवतो तो ओलावाच. कागद कुरकुरीत होतो, हाताला कडक लागतो, लायनीवर तुटतोही जास्त. प्लास्टिकचं वेष्टण लावायच्या वेळेपर्यंत काढू नका.

हिंगणेकर | १४ मे, दुपारी १२:१०

हे तर आम्ही दर उन्हाळ्यात भोगतो, मे आला की लायनीवर कागद तुटणं वाढतं. शेडमध्ये डेझर्ट कूलर पोरांसाठी लावला होता, पोरं म्हणायची कूलर चालू असला की मशीनवर कागद कमी तुटतो, मला वाटायचं पोरांना गारवा हवाय म्हणून सांगतात. त्यांचं बरोबर होतं, आज त्यांना तसं सांगितलं.

सांबारवडी | १४ मे, दुपारी ४:२५

तळणासाठी कुठला घ्यावा? मला पाण्याचं नाही, तेलाचं बघायचंय. आणि रिसायकलचा कागद वड्यांखाली चालतो का?

एलआयटीकर | १४ मे, सायंकाळी ६:००

ताई, तेलाने हायड्रोजन बॉन्ड सुटत नाहीत, म्हणून तेलासाठी साधा टॉवेलही चपटा होत नाही, फक्त पोकळी भरपूर हवी. पण वडीची वाफ लागते, त्या पाण्याने तो वडीला चिकटतो, म्हणून वेट स्ट्रेंथवाला घ्या. वडी आधी जाळीवर निथळून मग कागदावर ठेवली तर अर्धा रोल वाचेल. अन्नाखाली व्हर्जिन पल्पचा, फूड ग्रेड लिहिलेलाच वापरा, रिसायकलमध्ये छापील कागदाची शाई आणि चकाकी आणणारी रसायनं राहू शकतात. आणि वर्तमानपत्र तर कधीच नको, एफएसएसएआय या सरकारी अन्न सुरक्षा संस्थेच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत अन्नासाठी त्याला बंदी आहे.

तर्रीप्रेमी | १४ मे, रात्री ९:३०

आमच्या लायनीत अजून अर्धे लोक भजे पेपरवरच देतात. मी उद्यापासून बंद करून राहिलो. पण काका, ते माझं नॅपकिन तर्री काऊन पीत नाही?

वायरसाईड | १४ मे, रात्री १०:१५

एका बाजूने चकचकीत आहे का? मग ते एमजी आहे, यँकीवर वाळवून क्रेप न करता सरळ सोललेलं. चकचकीत बाजू म्हणजे बंद झालेला पृष्ठभाग, त्यात पोकळीच नाही. क्रेप केलेलं दोन प्लायचं घ्या. दर नगाला महाग पडेल, पण एका प्लेटला चारऐवजी एक-दीड लागेल.

हिंगणेकर | २६ मे, रात्री १०:५०

उशीर झाला लिहायला. रोल उभे केले, टेन्शन कमी केलं, एम्बॉसिंगचं प्रेशर उलट खाली आणलं आणि रबर रोल घासून घेतला. सुक्यात माझाच जुना आणि नवा रोल शेजारी ठेवला तर शेडमधल्या सगळ्यांनी डोळे मिटून नवा ओळखला. पाणी आधीपेक्षा जास्त धरतोय. ओला झाल्यावर मात्र अजूनही बसतो, म्हणजे काका म्हणाले तिथेच गाडी अडते. चार प्रश्न तीन मिलना पाठवले होते, एकाच ठिकाणाहून चारही उत्तरं आली. त्यांच्याकडे टेक्श्चर्ड बेल्टवरचा कागद मिळतो, किलोमागे दर बराच जास्त आहे, पण दोन जंबो मागवलेत.

सांबारवडी ताई, पहिले चार रोल तुमच्याकडे पाठवतो, तळणावर वापरून इथे लिहा. तर्रीप्रेमी, तुझ्यासाठी दोन प्लायचं नॅपकिन कापून ठेवलंय, ये घेऊन जा.

वायरसाईड | २७ मे, सकाळी ६:५५

रोल उतरला की आधी ओला करा, मग लायनीवर चढवा. आणि मला कळवा, मी येतो.